चांदीचे म्यान मोडीत घालण्यापूर्वी

अचलपूर, बाळापूर, अंजनगाव या बाजूच्या जुन्या खानदानांत कुठे कुठे अजून एखादी पिढीजात तलवार नाही तर खंजीर निघतो. पाते गंजलेले, मूठ ढिली, पण म्यानावर चांदीचा नक्षीदार पत्रा आणि त्यात लाल, निळे, तपकिरी खडे बसवलेले. दोन साल कापूस हातचा गेला, मुलीचे लग्न ठरले, की घरातल्या मोठ्यांची नजर त्या म्यानावर जाते. मग ते फडक्यात गुंडाळून अमरावतीच्या नाही तर अकोल्याच्या सराफ्यात येते.

पुढे काय होते ते सराफ्यात बसणाऱ्यांना ठाऊक आहे. पत्रा लाकडावरून सोलला जातो, खडे उचकटून बाजूला पडतात, लाख जाळली जाते आणि उरलेली चांदी काट्यावर चढते. मालकाने खड्यांचे विचारले तर उत्तर ठरलेले, "चाचा, चांदी तेवढी खरी, बाकी काच आहे." पुष्कळदा ती खरोखर काच असतेही. पण नेहमी नसते, आणि तपासल्याशिवाय ते कोणालाच सांगता येत नाही. यात सराफाची लबाडीच असते असे आम्ही म्हणत नाही. त्याचा धंदा वजनाचा, आणि वजनाच्या धंद्यात खडा म्हणजे वजा करायची वस्तू. मालकानेच आधी चार गोष्टी समजून घेतल्या तर त्याचे नुकसान टळेल. त्या गोष्टी या लेखात सांगण्याचा आमचा प्रयत्न आहे.

प्रथम म्यान कसे बनते ते पाहू. बहुतेक म्यानांचा गाभा म्हणजे लाकडाच्या दोन पातळ फळ्या. पात्याच्या आकाराने आतून कोरून त्या एकमेकींना चिकटवतात. वरून चामडे किंवा मखमल चढते. धातूचे काम मुख्यतः तीन ठिकाणी होते. तोंडाशी बसते ती मुहनाल, टोकाला बसते ती तहनाल, आणि मध्ये कमरपट्ट्याच्या कड्या अडकवण्यासाठी एक-दोन पट्ट्या. खडे बसवायचे ते याच ठिकाणी. श्रीमंती कामात पूर्ण म्यानच चांदीच्या किंवा सोन्याचा मुलामा दिलेल्या पत्र्याने मढवतात, मग खड्यांना अंगभर जागा मिळते.

या कामात उस्मानी तुर्कांचा हात मोठा होता. इस्तंबूलच्या दरबारी कारखान्यांत तलवारीवर माणिक, पाचू, फिरोजा जडवले जात. तोपकापी राजवाड्यातील प्रसिद्ध खंजिराच्या मुठीवर तीन मोठे पाचू आहेत. सुलतान पहिल्या महमूदने तो इराणच्या नादिरशहाला भेट म्हणून पाठवला होता, पण १७४७ साली नादिरशहाचा खून झाल्याची खबर वाटेतच आली आणि खंजीर परत फिरला. हा झाला दरबारी माल. सामान्य सरदार आणि शिपाई यांच्या हत्यारांवर पाचू कुठला? तिथे पोवळे, म्हणजेच मर्जान, आले. बाल्कन आणि अनातोलियातील यतागान व खंजिरांच्या चांदीच्या म्यानांवर, अल्जीअर्सच्या बंदुकांच्या दस्त्यांवर पोवळ्याचे गोल आणि थेंबाच्या आकाराचे दाणे रांगेने बसवलेले दिसतात. अल्जीअर्स १८३० पर्यंत उस्मानी सत्तेचा प्रांत होता आणि पोवळे त्याच्याच किनाऱ्यावर निघत असे. माल हाताशी, रंग लाल, चांदीवर उठून दिसणारा, आणि नजर लागू नये ही समजूतही त्याला चिकटलेली. सोबतीला आकाशी फिरोजा बसवला की काम पुरे.

उस्मानी खडा ओळखायचा तो त्याच्या घरावरून. कारागीर पत्र्यावर प्रत्येक खड्यासाठी चांदीची वेगळी कडी डागतो. खडा पैलू न पाडता, माथा गोल ठेवून आणि बूड सपाट करून त्या कडीत बसवतो आणि कडीची धार आत दाबून घेतो. कडीभोवती पुष्कळदा पीळ दिलेल्या तारेचा वेढा असतो. बोट फिरवले तर प्रत्येक खडा पत्र्यापासून वर उठलेला लागतो.

आपल्याकडचे कुंदनकाम याहून वेगळे. हिंदुस्थानी जडावात खड्याखाली लाख असते, लाखेवर चमकीसाठी पातळ पत्रा, म्हणजे डांक, आणि खड्याच्या कडेने शुद्ध सोन्याच्या पातळ पट्ट्या दाबून बसवलेल्या. कडी नाही, डाग नाही. सोने इतके मऊ की नुसत्या दाबाने एकजीव होते. बोट फिरवले तर खडा आणि सोने जवळपास एका पातळीत लागतात. लाल खड्याच्या कडेला पिवळे सोने आणि आत आरशासारखी चमक दिसली तर ते काम तुर्की नसून इथले, हे धरून चालावे.

तिसरा प्रकार वऱ्हाडात निघण्याचा संभव सर्वात जास्त, आणि नेमका तोच ओळखला जात नाही. १८५३ मध्ये वऱ्हाड इंग्रजांच्या कारभारात गेले, त्याआधी ते निजामाच्या राज्यात होते. निजामाच्या आणि नागपूरकर भोसल्यांच्या फौजांत अरब शिपायांची पथके होती. त्यांतले पुष्कळ हद्रमौतचे. १८०३ च्या नोव्हेंबरात अकोला जिल्ह्यातील आडगावची लढाई झाली आणि डिसेंबरात गाविलगड पडला. त्या काळात या मुलखातून किती फौजा गेल्या आल्या असतील याचा विचार करावा. हद्रमौती जंबियाचे म्यान टोकाशी वर वळलेले असते, त्यावर ठोकून उठवलेल्या चांदीचे काम आणि मध्ये लालसर तपकिरी अकीक बसवलेले. घरातले लोक त्याला वाकडा सुरा म्हणतात आणि अकीकाला तपकिरी काच. हे खंजीर हैदराबादेतही बनत.

आता खड्यांकडे वळू. मर्जान हे नाव आपल्या वाचकांना सूरह रहमानमुळे लहानपणापासून परिचित आहे. पण तो खाणीतला दगड नव्हे, समुद्रातल्या बारीक जीवांनी बांधलेले चुनखडीचे झाड आहे, हे सगळ्यांना ठाऊक नसते. हत्यारांवरचे उत्तम लाल पोवळे भूमध्य समुद्रातले. त्याची फांदी वर्षाला अर्धा मिलिमीटरसुद्धा जाड होत नाही. करंगळीएवढी फांदी म्हणजे कित्येक वर्षांचे काम. तोडायला मात्र एक दिवस पुरतो.

हिंदुस्थानला या पोवळ्याचे वेड फार जुने. रोमनांना जसे मोती तसे हिंदी लोकांना पोवळे, असे प्लिनी नावाच्या रोमन लेखकाने इसवी सनाच्या पहिल्या शतकात लिहून ठेवले आहे. सतराव्या-अठराव्या शतकात तर ही पक्की तिजारत झाली. इटलीतील लिव्होर्नो बंदराचे यहुदी व्यापारी पोवळे लिस्बनमार्गे गोव्याला पाठवत आणि बदल्यात दख्खनचे हिरे मागवत. गोव्यातले त्यांचे आडते हिंदू सारस्वत. धर्म वेगळे, भाषा वेगळ्या, एकमेकांचे तोंड पाहिलेले नाही, तरी पत्रावर आणि शब्दावर माल वर्षानुवर्षे फिरत राहिला. आजच्या व्यापाऱ्यांनी दखल घ्यावी असे हे उदाहरण आहे. मुद्दा असा की म्यानावर खरे भूमध्य पोवळे दिसले तरी तेवढ्यावरून म्यान तुर्की ठरत नाही. पोवळे इथे सुटे येत होते आणि इथलाच कारागीर ते जडवत होता.

उलट, खुद्द वऱ्हाडही खड्यांच्या बाबतीत अगदीच कोरडे नव्हते. अबुल फजलने आईने अकबरीत वऱ्हाड सुभ्याची माहिती देताना लिहिले आहे की बाळापूरजवळच्या दोन ओढ्यांच्या काठी तऱ्हेतऱ्हेचे सुंदर दगड सापडतात आणि लोक ते कापून, घासून नवलाची वस्तू म्हणून ठेवतात. आपल्या काळ्या खडकाच्या पोकळ्यांत अकीकाच्या जातीचे दगड तयार होतात, खडक झिजला की ते नदीच्या वाळूत येतात. मान आणि म्हैस नद्यांच्या काठी राहणाऱ्यांना हे सांगायला नको. पण अकीकाचे मोठे केंद्र गुजरातेतील खंभात. तिथे फिकट दगड भट्टीत तापवून लाल करतात, ही शेकडो वर्षांची पद्धत आहे. तेव्हा तापवलेला अकीक म्हणजे नकली अकीक, असे कोणी सांगितले तर ते मनावर घेऊ नये.

वऱ्हाड आणि उस्मानी घराणे यांचा एक धागा नामाभिधानाचाही आहे. खिलाफत १९२४ साली संपली. शेवटचे खलिफा दुसरे अब्दुल मजीद यांच्या कन्या दुर्रुशेहवार यांचा निकाह १९३१ मध्ये फ्रान्समधील नीस येथे निजामपुत्र आजम जाह यांच्याशी झाला. पुढे १९३६ मध्ये आजम जाह यांना 'प्रिन्स ऑफ बेरार' हा किताब मिळाला आणि उस्मानी शहजादी वऱ्हाडची राजकन्या म्हणून ओळखली जाऊ लागली. वऱ्हाडचा कारभार तेव्हा इंग्रजांकडे होता, त्यामुळे किताब शोभेचाच. २००६ साली त्यांचे निधन झाले. यावरून कोणी आपल्या घरचे म्यान थेट इस्तंबूलहून आले असे सांगू लागला, तर ते ऐकून घ्यावे आणि कडी की कुंदन हे पाहावे.

एक गोष्ट याहून महत्त्वाची. पाते, मूठ आणि म्यान एकाच वयाचे असतात असे समजू नये. न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन म्युझियममध्ये एक रत्नजडित तलवार आहे. १८७६ मध्ये सुलतान पाचव्या मुरादच्या तलवारबंदीच्या समारंभासाठी ती तयार झाली असे सांगतात. पाते इराणी, त्यावर हिजरी १०९९ म्हणजे १६८८ हे साल. मुठीचा यशब दगड हिंदुस्थानी, अठराव्या शतकातला. म्यान आणि त्यावरचे जडकाम एकोणिसाव्या शतकातले तुर्की. तीन मुलखांचा, तीन काळांचा माल एका वस्तूत. मुरादची सुलतानी त्र्याण्णव दिवसांत आटोपली, तलवार राहिली. सुलतानाच्या घरी असे होते तर आपल्या घरी का होणार नाही? पणजोबांच्या पात्यावर आजोबांनी नवे म्यान करून घेतले असेल, चुलत्यांनी पडलेल्या खड्याच्या जागी काच बसवली असेल. म्हणून एक खडा काच निघाला तर सगळे काच म्हणून मोकळे होऊ नये. प्रत्येक घर वेगळे तपासावे.

तपासायचे कसे? दहापट दाखवणारे भिंग घड्याळदुरुस्तीवाल्याकडेही मिळते. खऱ्या पोवळ्यावर लांबीच्या दिशेने अतिशय बारीक समांतर रेषा दिसतात, लाकडाच्या रेषांसारख्या. काचेत बुडबुडे दिसतात आणि तुटलेली कड शिंपल्यासारखी चकाकते. प्लॅस्टिक हलके असते, ओठाला लावले तर गार लागत नाही, आणि कडेला साच्याची रेघ सापडते. सध्या बाजारात सर्वात जास्त फसवणूक होते ती रंगवलेल्या पोवळ्याची. वेळूसारखी पेरे असणारे स्वस्त पांढरे पोवळे लाल रंगात बुडवून विकतात. त्याच्या रेषा जाड असतात आणि रंग भेगांत साचलेला दिसतो. नखपॉलिश काढायच्या द्रवाचा बोळा खड्याच्या न दिसणाऱ्या कडेला हलके लावला आणि बोळा लाल झाला, तर समजावे. काही जण लिंबाचा थेंब टाकून फेस येतो का पाहतात. फेस खऱ्याला येतो हे खरे, पण त्याच थेंबाने खऱ्याची चकाकी जाते. आणि फेस रंगवलेल्या पोवळ्यालाही येतो, कारण तेही चुनखडीच. मग त्या परीक्षेचा उपयोग काय?

लिंबावरून आठवले. आपल्या घरांत चांदी चिंचेने किंवा लिंबाने घासायचा रिवाज आहे. पोवळे असलेल्या म्यानाला हा रिवाज घातक आहे. आंबट लागले की पोवळे पांढुरके आणि खरखरीत होते, आणि मग तेच पांढुरके पोवळे पाहून सराफ त्याला काच नाही तर चुना म्हणतो. फिरोजा सच्छिद्र, तो तेल आणि साबण पितो आणि आकाशीचा हिरवा होतो. कुंदनकामाला गरम पाणी चालत नाही, लाख मऊ पडते आणि पाणी आत शिरले की डांक काळा पडतो. अकीक तेवढा कणखर, त्याला यातले काही होत नाही. म्हणून वरून मऊ कोरडे फडके फिरवावे, त्याहून जास्त काही करू नये. पत्रा उसवला असेल तर कारागिराला बजावून सांगावे की ज्योत लावण्याआधी खडे काढ. आगीपुढे पोवळे आणि फिरोजा दोन्ही टिकत नाहीत. दुरुस्तीला देण्याआधी म्यानाची दोन्ही बाजूंनी छायाचित्रे काढावीत आणि खडे मोजून पावतीवर लिहून घ्यावेत.

विकायचेच असेल तर वजनाची भाषा समजून घ्यावी. सोनाराच्या हिशेबात ९६ रत्तींचा एक तोळा, म्हणजे रत्ती साधारण १२१ मिलिग्रॅम. पण ग्रहांचे खडे विकणारे ज्या रत्तीत पोवळे विकतात ती सुमारे १८२ मिलिग्रॅमची. दोन्हींत दीडपटीचा फरक आहे, आणि घेताना एक, देताना दुसरी असा प्रकार घडतो. ग्रॅममध्ये वजन मागावे, म्हणजे वाद राहत नाही. आणि संपूर्ण, न मोडलेल्या म्यानाची किंमत त्यातल्या चांदी-खड्यांच्या बेरजेत मोजता येत नाही. जुन्या हत्यारांच्या बाजारात घाट, काम आणि वय यांना भाव असतो. एकदा पत्रा सोलला की तो भाव कायमचा गेला.

मोड देऊन नवी चांदी घेणाऱ्यांसाठी एक शरई बाजूही आहे. जुने चांदीचे म्यान देऊन बदल्यात चांदीच्या तोरड्या घेतल्या, तर हा चांदीशी चांदीचा व्यवहार होतो. तलवारीवरच्या चांदीचा हा प्रश्न फिकहच्या ग्रंथांत नावानिशी आला आहे. हिदायाच्या सर्फच्या प्रकरणात उदाहरण असे आहे की तलवार शंभर दिरहमला विकली, तिच्यावरची चांदी पन्नास दिरहमची, आणि खरेदीदाराने पन्नास रोख दिले, तर व्यवहार जायज, आणि ते पन्नास चांदीच्या हिश्शाचे धरले जातील. काहीच न देता दोघे उठून गेले, आणि चांदी नुकसानाशिवाय सुटी होत नसेल, तर संपूर्ण सौदा बातिल. सहीह मुस्लिममध्ये हजरत फजाला बिन उबैद यांची रिवायत आहे. खैबरच्या वेळी त्यांनी मणी आणि सोने असलेला हार बारा दिनारांना घेतला, सुटा करून पाहिला तर सोनेच बारा दिनारांहून जास्त निघाले, आणि सुटे केल्याशिवाय असा हार विकू नये अशी ताकीद मिळाली. खड्यांआड धातूचे वजन लपते, हे या धंद्याचे दुखणे चौदाशे वर्षांपूर्वीही होते. अदलाबदलीऐवजी जुने रोख विकून नवे रोखीने घेणे हा सरळ रस्ता. तरीही शंका असल्यास आपल्या आलिमांना विचारावे. जकातीच्या हिशेबात हनफी मसलकाप्रमाणे म्यानावरची चांदी धरतात. घरातले खडे धरत नाहीत, व्यापाराचा माल असेल तरच धरतात.

कायद्याचेही थोडे. शंभर वर्षांवरील कलावस्तू १९७२ च्या पुरावस्तू कायद्यात येते. ती देशाबाहेर नेण्याचा अधिकार सरकारशिवाय कोणाला नाही आणि तिचा धंदा करायला परवाना लागतो. आखाती देशात नोकरीला असलेल्या एखाद्या नातेवाइकाने "इकडे चांगले गिऱ्हाईक आहे, पाठवून द्या" म्हटले, तरी त्या फंदात पडू नये. तलवार बाळगण्यावर १९५९ च्या शस्त्र कायद्याची बंधने आहेत. ती घेऊन सराफ्यात जाण्यापूर्वी वकिलाचा किंवा पोलीस ठाण्याचा सल्ला घेतलेला बरा. किंमत विचारायला पाते नेण्याची गरजही नाही, म्यान किंवा त्याची छायाचित्रे पुरतात. आपल्या समुद्रातील प्रवाळ २००१ मध्ये वन्यजीव कायद्याच्या पहिल्या परिशिष्टात आले. त्यामुळे पडलेल्या दाण्याच्या जागी नवा घेताना माल कुठला आहे ते विचारावे आणि बिल घ्यावे.

ज्यांना अस्सल काम डोळ्यांनी पाहायचे असेल त्यांना इस्तंबूल गाठण्याची गरज नाही. हैदराबादच्या सालारजंग म्युझियममध्ये जहांगीरचा यशबी मुठीचा जडावाचा खंजीर आणि नूरजहाँची फळे कापण्याची सुरी आहे. कुंदन म्हणजे काय ते तिथे पाच मिनिटांत कळते. नागपूरच्या अजब बंगल्यातही जुनी हत्यारे आहेत, आणि अकोला-अमरावतीहून नागपूर एका दिवसात जाऊन येण्याजोगे आहे. जाताना घरच्या म्यानाची छायाचित्रे सोबत घ्यावीत.